नग शंभर, नियम लाखाचे

मार्च २०१४ मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सने स्पार्कफन या कंपनीचे दोन हजार मल्टिमीटर अडवून धरले. माल चीनमधून आला होता, किंमत सुमारे तीस हजार डॉलर. मीटर स्वस्त होते, शिकाऊ मुलांसाठी होते आणि चालतही नीट होते. अडचण निघाली रंगाची. गडद दर्शनी भाग आणि भोवती पिवळी कड ही मांडणी फ्लूक या नामांकित मीटर कंपनीने आपली खूण म्हणून अमेरिकेत नोंदवून ठेवली होती. माल विकता येईना, चीनला परत धाडणे परवडेना. राहता राहिला तो नष्ट करण्याचा मार्ग, आणि त्याचा खर्चही स्पार्कफनच्याच माथी. बातमीचा गवगवा झाल्यावर फ्लूकने तेवढ्या मोलाची स्वतःची उपकरणे स्पार्कफनला देऊ केली, म्हणून प्रकरण गोडीने मिटले. स्पार्कफन तेव्हा नवखी नव्हती. नेथन सीडल यांनी विद्यार्थीदशेत, २००३ मध्ये ती सुरू केली होती आणि दशकभरात ती या क्षेत्रात चांगली नावारूपाला आली होती. तरीही मीटरच्या कडेचा रंग कुणाच्या नजरेत आला नाही.

नाशिक, कोल्हापूर किंवा पिंपरीतल्या दोन खोल्यांच्या गाळ्यातून हाच धंदा करणाऱ्याचा माल अडकला, तर त्याची बातमी होत नाही. असे व्यापारी आज महाराष्ट्रात बरेच आहेत. इअरबड, स्मार्टवॉच, चार्जर, एलईडी पट्ट्या, गाडीचे कॅमेरे, सेन्सर, आर्डुइनोचे बोर्ड अशा वस्तू ते थेट चीनमधून मागवतात आणि स्वतःच्या वेबसाइटवर किंवा मोठ्या ऑनलाइन बाजारांत विकतात. त्यांच्या आधीची पिढी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत घाऊक माल उचलायची. आयातीची डोकेदुखी वरच्या मोठ्या व्यापाऱ्याची असायची. दुकानदार फक्त भाव पाडून घ्यायचा. इंटरनेटमुळे मधला माणूस बाजूला झाला. त्याच्यासोबत त्याचे ज्ञान आणि त्याने उचललेली जोखीमही गेली, ही गोष्ट पहिला माल कस्टम्समध्ये थांबेपर्यंत बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

सुरुवात खरोखर सोपी आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक, ज्याला सगळे आयईसी म्हणतात, तो पाचशे रुपये भरून घरबसल्या मिळतो. पॅन क्रमांक हाच आयईसी असतो. जीएसटी नोंदणी, चालू खाते, ते खाते कस्टम्सकडे नोंदवण्यासाठी बँकेचा एडी कोड, एवढे झाले की माणूस कागदोपत्री आयातदार होतो.

पलीकडच्या टोकाला असते शेन्झेन. १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून घोषित झालेल्या या शहरात ह्वाछ्यांगपेई नावाचा भाग आहे. सेग या नावाचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार तिथे १९८८ पासून भरतो. मजल्यांमागून मजले गाळ्यांचे, आणि एकेका गाळ्यात फक्त कनेक्टर, फक्त कॅपॅसिटर किंवा फक्त मोबाइलचे पडदे. त्या शहराच्या परिघात सुटा भाग, साचा, जुळणी आणि खोका सगळे मिळते, म्हणून एखादी वस्तू तिथे ज्या किमतीत बनते ती किंमत इतरत्र साधणे अवघड जाते. सांगलीत बसलेल्या माणसाला अलीबाबावर जे दिसते, ती या अफाट यंत्रणेची दर्शनी खिडकी. खिडकीत मांडलेला नमुना आणि खोक्यात येणारा माल यांत फरक पडतो, तो तिथूनच.

कारखाना नमुना उत्तम पाठवतो. पहिली खेपही बहुधा ठीक असते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आतली चिप बदललेली असते, बॅटरीची क्षमता छापल्यापेक्षा कमी भरते, चार्जरच्या तारेतले तांबे बारीक झालेले असते. सगळ्याच वेळी लबाडी असते असे नाही. २०२० ते २०२२ या काळात जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा अनेक कारखान्यांनी जे मिळेल ते बसवून माल पुरा केला. आयातदाराला हे कळते ते ग्राहकाच्या तक्रारीतून, किंवा त्याहून वाईट रीतीने. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या ब्रिटिश चिप-कंपनीने विंडोजसाठी नवा ड्रायव्हर आणला. नकली चिप ओळखून तिचा ओळख-क्रमांक शून्य करायचा आणि ती निकामी करायची, असे तो करत होता. ज्यांनी वर्षभरापूर्वी भल्या हेतूने बोर्ड आणून विकले होते, त्यांचा विकलेला माल ग्राहकाच्या टेबलावर एका रात्रीत मुका झाला. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण नकली चिप आपल्या बोर्डावर आहे हे ज्याला माहीतच नव्हते, त्या किरकोळ विक्रेत्याच्या पैशांची भरपाई कोण करणार होते?

पैसे तर आधीच गेलेले असतात. प्रचलित रीत अशी की ऑर्डर देताना ३० टक्के आणि माल कारखान्यातून निघण्यापूर्वी उरलेले ७० टक्के बँकेतून पाठवायचे. माल हाती पडण्याआधी सगळी रक्कम परदेशी. याच टप्प्यावर चोर टपलेले असतात. पुरवठादाराचा ईमेल कुणीतरी फोडतो, नेहमीच्याच भाषेत कळवतो की आमचे बँक खाते बदलले आहे, आणि ७० टक्के रक्कम भलत्याच खात्यात जाते. खाते बदलल्याचे पत्र आले की पुरवठादाराला व्हिडिओ कॉल करून त्याच्या तोंडून खाते क्रमांक वदवून घ्यावा, हा नियम अनुभवी लोक कधीही मोडत नाहीत. पैसे गेल्यावर बँकेचे काम संपत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये आणलेल्या आयडीपीएमएस या यंत्रणेत प्रत्येक परदेशी भरणा त्याच्या कस्टम्सच्या बिल ऑफ एन्ट्रीशी जुळवावा लागतो. माल आला नाही, किंवा कमी आला, तर ती नोंद उघडी राहते आणि पुढचा भरणा करताना बँक आधी मागचा हिशेब मागते.

रुपयाची घसरण हा वेगळा घाव. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७४-७५ रुपयांना होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो ८२ च्या वर गेला. ज्याने पहिले ३० टक्के आधीच्या दराने आणि उरलेले ७० टक्के नंतरच्या दराने भरले, त्याचा नफा वाटेतच आटला. मोठ्या कंपन्या डॉलरचा दर आगाऊ बांधून घेतात. चार-पाच लाखांच्या ऑर्डरीसाठी तेवढी उठाठेव करायला बँक उत्सुक नसते.

आता कस्टम्सचे गणित. समजा, विमा आणि वाहतूक धरून मालाची किंमत एक लाख रुपये आहे आणि त्या वस्तूवर मूळ सीमाशुल्क २० टक्के आहे. वीस हजार ते झाले. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे दोन हजार. या एक लाख बावीस हजारांवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे २१,९६०. एकूण ४३,९६० रुपये भरल्यावर माल सुटतो. यांतला आयजीएसटी पुढे विक्रीवरच्या करातून वजा होतो, पण माल विकला गेल्यावरच. तोवर ते बावीस हजार अडकलेले. सीमाशुल्क आणि अधिभार तर कायमचे खर्चात. याउलट सुट्या इंटिग्रेटेड सर्किटवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे, कारण भारत १९९७ मध्ये माहिती-तंत्रज्ञान वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. म्हणजे चिप शुल्काविना आणि तीच चिप बसवलेले तयार उपकरण भरघोस शुल्कासह. देशात जुळणी व्हावी म्हणून सरकारने हा फरक मुद्दाम ठेवला आहे, आणि मोबाइल फोनच्या बाबतीत त्याचा परिणाम दिसला आहे.

कुठली वस्तू कुठल्या शीर्षकाखाली येते, हा वाद मात्र धंदा बुडवू शकतो. घड्याळ की संदेशवहनाचे यंत्र? स्पीकर की ब्लूटूथ रेडिओ? या वर्गीकरणाच्या एचएस कोडचे दोन आकडे बदलले की शुल्क बदलते, आणि जबाबदारी स्वतः कर-आकारणी करणाऱ्या आयातदाराची. जानेवारी २०२५ मध्ये टेलिकॉम टॉवरवरच्या एका उपकरणाच्या वर्गीकरणावरून सॅमसंगला सुमारे साठ कोटी डॉलर भरण्याचा आदेश झाला. कंपनीने त्याला आव्हान दिले. सॅमसंगकडे वकिलांची फौज आहे. गाळ्यातल्या व्यापाऱ्याकडे असतो त्याचा सीएचए, म्हणजे कस्टम हाऊस एजंट. तो चांगला मिळाला तर निम्मे काम झाले असे या धंद्यात मानतात. काही पुरवठादार न विचारता बिलावर किंमत कमी दाखवतात आणि ते उपकार म्हणून सांगतात. तो उपकार घेऊ नये. अधिकाऱ्याला संशय आला तर तो जाहीर किंमत नाकारू शकतो, आणि फसवणूक ठरली तर पाच वर्षे मागे जाऊन वसुली होऊ शकते.

या सगळ्याहून मोठा दगड आहे तो भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, सक्तीच्या नोंदणीचा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी हा आदेश २०१२ मध्ये निघाला आणि २०१३ पासून लागू झाला. पहिल्या यादीत पंधरा प्रकार होते: लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर वगैरे. पुढच्या याद्यांत पॉवर बँक, ॲडॉप्टर, मोबाइल, एलईडी दिवे, स्मार्टवॉच, बिनतारी इअरफोन आले. आता साठाहून अधिक प्रकार आहेत. नोंदणी आयातदाराच्या नावावर होत नाही. ती होते कारखान्याच्या नावावर, त्या विशिष्ट जागेच्या आणि ब्रँडच्या नावावर. चिनी कारखान्याने भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमायचा, नमुने भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यायचे, मग ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो दोन वर्षे चालतो, पुढे नूतनीकरण. क्रमांकाविना आलेला माल परत पाठवायचा. नाही पाठवला तर कस्टम्सने तो वापराच्या पलीकडे मोडून भंगारात काढायचा, असे आदेशातच आहे.

इथे लहानपणाची किंमत उघडी पडते. प्रयोगशाळेची फी, प्रतिनिधीचा खर्च, सल्लागाराचे पैसे हे सगळे मॉडेलमागे लागतात, नगामागे नाही. ज्याचे एक लाख पॉवर बँक येणार आहेत त्याला एका नगामागे हा खर्च जाणवतही नाही. ज्याचे तीनशे येणार आहेत त्याच्या प्रत्येक नगावर तो शेकड्यांत चढतो. चिनी कारखानाही तीनशे नगांसाठी भारतातली नोंदणी करायला तयार होत नाही. मग व्यापारी आधीच नोंदणी असलेला कारखाना शोधतो, आणि त्याच कारखान्याचा तोच माल आणखी दहा विक्रेते त्याच बाजारात दहा वेगळ्या नावांनी विकत असतात. वेगळी वस्तू आणायची तर नोंदणीचा खर्च, खर्च टाळायचा तर सगळ्यांसारखीच वस्तू. या कोंडीतून लहान आयातदाराला वाट काढावी लागते.

म्हणून नियमच नकोत, असे मात्र म्हणता येणार नाही. रात्रभर उशाशी चार्जिंगला लावलेल्या फोनच्या ॲडॉप्टरमध्ये २३० व्होल्ट आणि माणसाचा हात यांच्या मध्ये काही मिलिमीटरचे अंतर आणि एक इन्सुलेशन असते. स्वस्त ॲडॉप्टरमध्ये पहिली काटछाट त्याच अंतरात होते. लिथियम बॅटरीचे तर सांगायलाच नको. २०१६ मध्ये सॅमसंगच्या नोट ७ ने पेट घेतला तेव्हा जगातल्या सर्वांत काटेकोर कारखान्यांपैकी एकाचे पाय घसरले होते. चाचणी हवीच. तिचा भार लहानांवर असा पडू नये, एवढीच मागणी रास्त आहे. पाच-दहा लहान आयातदारांना एकत्र येऊन एका मॉडेलची चाचणी आणि नोंदणी करता यावी, खर्च वाटून घेता यावा, यासाठी सोपी वाट काढणे सरकारला अवघड नाही.

ब्लूटूथ किंवा वाय-फाय असलेल्या वस्तूला याशिवाय दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. विनापरवाना चालणाऱ्या लहरींसाठी ती आता ऑनलाइन स्वयंघोषणेने मिळते, ही खरी सुधारणा. अनेक प्रकारच्या वॉकीटॉकींना मात्र परवाने लागतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीवरून ऑनलाइन बाजारांना नोटिसा धाडल्या.

माल आणायचा कसा, हा प्रश्न पुन्हा बॅटरीशी येऊन थांबतो. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालवाहतुकीने नेता येत नाहीत. मालवाहू विमानातूनही त्या ३० टक्क्यांहून जास्त भारलेल्या चालत नाहीत. पॉवर बँक नियमांच्या दृष्टीने बॅटरीच. संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ क्रमांकाच्या चाचण्यांचा अहवाल नसेल तर विमान कंपनी खोक्याला हात लावत नाही. हवाई वाहतुकीत वजनापेक्षा आकारमान मोठे ठरले तर पैसे आकारमानाचे: कुरिअरवाले सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागून किलो काढतात. हलक्या हेडफोनच्या फुगीर खोक्यात अशा रीतीने निव्वळ हवेचे भाडे भरले जाते. अनुभवी आयातदार कारखान्याशी वस्तूच्या किमतीइतकीच खोक्याच्या मापावर घासाघीस करतो ती यासाठी.

समुद्रमार्ग स्वस्त. पण अख्खा कंटेनर भरण्याइतका माल नसतो, म्हणून अनेकांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जागा घ्यावी लागते. न्हावा शेवा बंदरात उतरलेला असा कंटेनर उरणच्या परिसरातल्या एखाद्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-गोदामात, उघडतो. त्यातल्या एका अनोळखी भागीदाराच्या खोक्यांविषयी शंका निघाली की सगळ्यांचा माल खोळंबू शकतो, आणि गोदामाचे भाडे प्रत्येकाला दिवसागणिक चढते. बिल ऑफ एन्ट्री दाखल करायला उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार, पुढे रोज दहा हजार रुपये. हा दंडही मालाच्या आकारावर ठरत नाही. दोन लाखांचा माल असो की दोन कोटींचा, दंड तोच.

मग येतात रातोरात बदलणारी धोरणे. डिसेंबर २०१९ मध्ये पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची शुल्कमाफी बंद झाली. सवलत उरली ती राखीसारख्या मोजक्या वस्तूंना. भेट म्हणून गॅजेट पाठवण्याची पळवाट त्याने बुजली, ते योग्यच झाले. जून २०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर चीनहून आलेला माल बंदरांवर आणि विमानतळांवर कसून तपासला जाऊ लागला आणि आठवडेच्या आठवडे अडकला; नोव्हेंबरात अलीएक्सप्रेस भारतात बंद झाले. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग मात्र खुले राहिले. ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉप आणि टॅबलेटच्या आयातीला परवाना सक्तीचा झाल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी ती सक्ती ऑक्टोबरअखेरीपर्यंत पुढे ढकलली गेली. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर-सुरक्षेच्या चाचण्या लागू झाल्या. यांतल्या बहुतेक निर्णयांमागे सबळ कारण आहे. पण ज्याचे सगळे भांडवल एकाच जहाजावर आहे, त्याला कारणापेक्षा मुदत महत्त्वाची वाटते. अमेरिकेतही हेच घडले. न्यूयॉर्कच्या ॲडाफ्रूट या लहान इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला मे २०२५ मध्ये चिनी मालावरच्या नव्या आयातकराचे छत्तीस हजार डॉलरहून मोठे बिल आले. ती ऑर्डर कर वाढण्याच्या कितीतरी आधी दिलेली होती.

माल गाळ्यात आला की विक्रीचे खेळ सुरू. प्रत्येक खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, एमआरपी, मूळ देश, तक्रारीसाठी संपर्क हे सगळे लावायला हवे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनंतर मूळ देश वेबपानावरही दाखवावा लागतो. ऑनलाइन बाजार आपले कमिशन, वाहतूक आणि गोदामाचे पैसे कापतो, वर कायद्याने अर्धा टक्का जीएसटी कापून ठेवतो. माल हाती पडल्यावर रोख या बोलीने पाठवलेल्या ऑर्डरी ग्राहकाने दारातून परत केल्या की जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे विक्रेत्याचे. परत आलेल्या खोक्यात कधी दुसऱ्याच कंपनीचे जुने घड्याळ असते, कधी नुसता साबण. म्हणून पॅकिंगच्या टेबलावर कॅमेरा लावून प्रत्येक खोका भरतानाचे आणि उघडतानाचे चित्रण ठेवणे आता या धंद्याचा नित्याचा भाग झाले आहे.

विकलेल्या वस्तूची जबाबदारी ती भंगारात जाईपर्यंत असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत आयातदारही उत्पादक धरला जातो. त्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची आणि ठरलेल्या प्रमाणात कचऱ्याचा पुनर्वापर झाल्याची प्रमाणपत्रे घ्यायची. आत बॅटरी असेल तर बॅटरी-कचऱ्याची निराळी नोंदणी, प्लास्टिकच्या वेष्टनाची निराळी. कचऱ्याचा प्रश्न खरा आहे आणि तो कुणीतरी अंगावर घेतलाच पाहिजे. पण एका इअरबडसाठी तीन पोर्टल भरणाऱ्या माणसाचा वेळ हाही खर्चच आहे.

या सगळ्यातून टिकलेल्यांकडे पाहिले तर एक गोष्ट दिसते: ते गॅजेटच्या शर्यतीतून लवकर बाहेर पडले. पुण्याच्या भोसरीतली मॅकफॉस ही रोबू डॉट इन चालवणारी कंपनी याचे ठळक उदाहरण. मोटर, सेन्सर, ड्रोनचे आणि थ्रीडी प्रिंटरचे सुटे भाग, बोर्ड अशा वस्तू आयात करून ऑनलाइन विकत ती वाढली आणि २०२३ मध्ये बीएसईच्या लघु-मध्यम उद्योगांच्या मंचावर तिच्या शेअरची नोंदणी झाली. सुट्या भागांचा ग्राहक वेगळा असतो. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, प्रयोगशाळेचा सहायक, चाकणच्या कारखान्यातला देखभाल-तंत्रज्ञ यांना सर्वांत स्वस्त वस्तूपेक्षा आज हवी असलेली नेमकी वस्तू उद्या हातात पडणे मोलाचे वाटते. पिनांची आकृती, चालणारा नमुना-कोड, फोनवर मराठीत दोन मिनिटांत मिळणारे उत्तर, एवढ्यासाठी ते जास्त पैसे द्यायला तयार असतात. हजारो प्रकारच्या वस्तू थोड्याथोड्या ठेवाव्या लागतात, साठ्याचा हिशेब जिकिरीचा होतो, पण मोठा खेळाडू सहसा या भानगडीत पडत नाही. लहानपणाचा फायदा घेता येतो तो इथे.

बाकी वेळापत्रक चीनच्या पंचांगावर चालते. १ ऑक्टोबरपासूनचा त्यांचा राष्ट्रीय सप्ताह ऐन आपल्या सणांच्या तोंडावर येतो, त्यामुळे दिवाळीचा माल जून-जुलैतच ठरवून टाकावा लागतो. चिनी नववर्षाच्या आगेमागे कारखाने दोन ते चार आठवडे बंद असतात आणि गावी गेलेले अनेक कामगार परततच नाहीत. २०२६ चे ते नववर्ष १७ फेब्रुवारीचे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची झुंबड जानेवारी ते एप्रिल अशी असते. तो माल वेळेवर हवा, तर ऑर्डर आणि ३० टक्के रक्कम नोव्हेंबरातच जायला हवी, म्हणजे दिवाळीच्या विक्रीतल्या परताव्याचे खोके अजून एकेक करून परत येत असतानाच.